कृपया दार धरू नका

टॅमरॅक फॉल्सची माणसं दार धरण्यात अख्ख्या मिनेसोटात पहिली. मागून कोणी येतंय असं नुसतं वाटलं की पुढचा दार धरून उभा. मागचा अजून पार्किंगमध्ये गाडी लावत असतो, तरी हा उभाच! मग त्या बिचाऱ्याला बर्फातून घसरत धावत यावं लागतं, आणि वर धापा टाकत 'थँक्यू' म्हणावं लागतं. तिथल्या विद्यापीठात म्हणे एक मुलगा सप्टेंबरात वाचनालयाचं दार धरायला उभा राहिला. एकामागून एक माणसं येतच राहिली. तो मोकळा झाला तेव्हा त्याचा अख्खा वर्ग पदव्या घेऊन घरी गेला होता. खोटं वाटतं? त्या दाराच्या पितळी मुठीवर त्याची पाची बोटं उमटलेली आहेत. जाऊन बघा.

अशा गावात लोकांना 'सावध राहा' म्हणून सांगायचं काम आर्डन सोलबर्गकडे होतं.

विद्यापीठाच्या आवारात पोलिसांचं छोटं ऑफिस आहे, तिथे तो बसायचा. चोरी झाली, कुणावर हल्ला झाला, की त्याने मजकूर लिहायचा आणि एक बटण दाबायचं. बटण दाबलं की सोळा हजार खिशांतले सोळा हजार फोन एकदम थरथरणार. केवढी ताकद! पण आर्डन इतका भिडस्त, की चक्रीवादळ येत होतं तेव्हा त्याने लिहिलं होतं, 'थोडा वारा सुटेल असं दिसतं. जमलं तर तळघरात जाऊन बसता का?' त्या वाऱ्यात व्यायामशाळेचं छप्पर उडालं आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या एका गोठ्यावर जाऊन बरोब्बर बसलं. गोठ्याचा मालक खूश झाला. बाकी कुणी नाही.

त्याच्या शेजारच्या टेबलावर व्हर्ना हाउगन. एकतीस वर्षं फोनवर बसलेली बाई. मदतीसाठी कोणीही फोन केला की तो व्हर्नाकडे येणार. हातात विणकाम, कानाला फोन. आवाज असा की खरं तर फोनची गरजच नाही.

ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारी दुपारी सव्वातीनला व्हर्नाचं विणकाम थांबलं. आर्डनने मान वर केली, कारण व्हर्नाचं विणकाम कधी थांबत नाही.

"हो बाळा, मी ऐकतेय," ती फोनवर म्हणत होती. अगदी हळू. "तू बाहेर आलीस ना? तिथेच बस. माणसं निघाली आहेत. बोल, मी आहे."

लिन्डेन हॉल या वसतिगृहातली माय सी व्हांग नावाची मुलगी होती ती. वर्गातून लवकर परत आली, तर तिच्या खोलीत एक अनोळखी माणूस कपाट उचकत होता. ती किंचाळायच्या आत त्याने तिला भिंतीवर ढकललं. मनगट मोडलं. तो तिचा संगणक पिशवीत टाकून पळाला.

"आणि काय म्हणाली माहितेय?" फोन ठेवून व्हर्ना आर्डनला म्हणाली. "म्हणाली, माझं नाव कुठे घालू नका. पण ट्रेचं तेवढं सगळ्यांना सांगा."

"कसला ट्रे?"

"हॉटडिशचा. रिकामाच होता, तिच्या पलंगावर टाकून पळाला."

इथे सांगायला हवं. खिमा, मश्रूमचं दाट सूप आणि वर कुरकुरीत बटाटे असं काचेच्या ट्रेमध्ये घालून भाजतात, त्याला तिकडे हॉटडिश म्हणतात. बारशाला हॉटडिश, मयताला हॉटडिश. वरून चांदीसारखी फॉइल लावलेला तो ट्रे दोन्ही हातांत धरून कोणी आलं, की टॅमरॅक फॉल्सचा माणूस विचार करत नाही. दार उघडतो.

वसतिगृहाची दारं कार्डाशिवाय उघडत नाहीत. चोराकडे कार्ड नव्हतं. त्याच्याकडे ट्रे होता.

आर्डनने लगेच मजकूर लिहायला घेतला. "गडद कपडे, मध्यम उंची, असं लिहू का?"

"म्हणजे अर्धं विद्यापीठ आणि तू," व्हर्ना म्हणाली. "उद्या तसल्या कपड्यांतल्या प्रत्येक पोराकडे लोक डोळे वटारून बघतील. तो दिसतो कसा ते आपल्याला धड माहीत नाही. तो करतो काय ते माहीत आहे. तेच लिही की!"

आर्डनने तेच लिहिलं. चांगलं लिहिलं. आणि मग नेहमीची चूक केली. वरच्या साहेबांना दाखवायला नेलं.

उपाध्यक्ष ट्रूमन बर्गडाल माणूस वाईट नव्हता. पण विद्यापीठाच्या नावाला डाग लागेल या भीतीने तो झोपेतसुद्धा इस्त्रीचा सदरा घालत असेल. त्याने कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

"आर्डन, परवा काय आहे?"

"आई-वडिलांचा शनिवार, सर."

"चार हजार आईबाप येणार. प्रत्येकाच्या हातात काय असणार?"

"ट्रे, सर."

"मग ट्रेवाल्यापासून सावध राहा म्हणून सांगू? लोक स्वतःच्या आईला पकडून देतील! आणि हे काय, दार धरू नका? आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर कशाचा फोटो आहे?"

"दार धरलेल्या मुलाचा, सर."

"मग?" साहेबांनी लाल पेन काढलं. ट्रे गेला. दार गेलं. लिन्डेन हॉल गेला. "सोमवारी सविस्तर पाठवू. पाहुणे गेले की."

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता सोळा हजार फोन थरथरले. मेसेज होता: 'परिसरात एक घटना घडली आहे. सर्वांनी सतर्क राहावे. आई-वडिलांच्या शनिवारच्या शुभेच्छा!'

व्हर्नाने तो मोठ्याने वाचला. मग पुन्हा वाचला. मग फोन उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं.

"उफ-दा!" ती म्हणाली. तिकडे पायावर वरवंटा पडला तरी एवढंच म्हणतात. "आर्डन, हा धोक्याचा इशारा आहे की वाढदिवसाचं कार्ड?"

"सतर्क राहा म्हटलंय ना."

"कशापासून? खारींपासून? अरे, कायदा आहे. मुलांना धोका असला तर वेळेवर सांगायचं. सोमवार म्हणजे वेळेवर नव्हे!"

"लोक समजून घेतात हो, व्हर्ना."

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर एक उंच, सोनेरी केसांची मुलगी उभी होती. डोळे सुजलेले. ब्रिटा ओस्टबी, माय सीच्या खोलीत राहणारी.

"हा मेसेज आमच्याबद्दल आहे का?" तिने आत येऊन विचारलं. "यात काहीच लिहिलेलं नाही. मजल्यावरच्या मुली म्हणतात, कुणाची तरी सायकल गेली असेल."

आर्डनने आपला फोन टेबलावर पालथा ठेवला.

"दार मीच धरलं होतं," ब्रिटा म्हणाली.

"काय?"

"काल. मी बाहेर पडत होते, तो आत येत होता. दोन्ही हातांत ट्रे. मी दार धरलं. वर म्हणाले, सांभाळून हं, गरम असेल. तो म्हणाला, देव तुझं भलं करो." तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "माय सीला अजून सांगितलं नाही मी. कसं सांगू? आणि उद्या तर सगळेच ट्रे घेऊन येणार. तो परत आला आणि माझ्यासारखंच कोणीतरी दार धरलं तर? त्यांना कुणी सांगणारच नाही का?"

व्हर्नाने तिला जवळ घेऊन बसवलं, कॉफी दिली. मग उठली आणि स्वतःच्या डब्याच्या पिशवीतून काचेचा ट्रे काढला. जेवण संपलेलं, ट्रे धुऊन लख्ख. त्यावर तिने फॉइल ताणून बसवली आणि तो आर्डनच्या हातात दिला.

"ओळखपत्र काढून ठेव, कोट घाल आणि लिन्डेन हॉलमध्ये जाऊन ये. लोक समजून घेतात म्हणतोस ना? बघ, काय समजून घेतलंय!"

आर्डन निघाला. लिन्डेन हॉलच्या पायऱ्यांपाशी पोचलासुद्धा नव्हता, तोच एका मुलीने दार उघडून धरलं.

"या या! थंडी केवढी आहे!"

आतलं दुसरं दार दोन मुलांनी मिळून धरलं. एक दार, दोन मुलं! तिसरा लिफ्टमध्ये होता. "काका, कितवा मजला? तुमचे हात भरलेत, मी दाबतो."

"तिसरा."

"वास काय मस्त येतोय!" तो मुलगा म्हणाला.

ट्रे रिकामा होता, हे विसरू नका.

आर्डनला राहवलं नाही. "आज दुपारचा मेसेज वाचलास का रे?"

"वाचला की. सतर्क राहा म्हणाले. मी आहेच सतर्क. म्हणून तर तुम्ही इतक्या लांबून दिसलात!"

तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट उघडली. त्या मुलाने लिफ्टचं दारसुद्धा धरलं. आर्डन चालत गेला तो तीनशे बारा नंबरच्या खोलीपुढे जाऊन थांबला. दारावर कागदाची दोन पानं चिकटवलेली. लाल पानावर 'माय सी', पिवळ्यावर 'ब्रिटा'. घड्याळात पाहिलं. ऑफिसातून निघाल्यापासून सात मिनिटं झाली होती. कुणी नाव विचारलं नव्हतं. चार जणांनी आपणहून आत घेतलं होतं.

तो तिथेच उभा राहिला. कालचा माणूस असाच, याच फरशीवर उभा असेल. हातात असाच ट्रे. त्याला आत सोडलं ते चांगल्या, प्रेमळ पोरांनी, कारण त्यांना माहीत नव्हतं. पण आज? आज त्यांना माहीत नाही, ते कुणामुळे?

माझ्यामुळे! मला ठाऊक होतं आणि मी शुभेच्छा पाठवल्या!

त्याने तिथूनच, काखेत ट्रे धरून, साहेबांना फोन लावला.

"सर, मी दुसरा मेसेज पाठवतोय. आत्ता."

"आर्डन, सोमवारी बोलू म्हटलं होतं ना?"

"बोलू, सर. सोमवारी मी नोकरीवर असलो तर ऑफिसात बोलू, नसलो तर बाहेर बाकावर बसून बोलू. पण मी आत्ता लिन्डेन हॉलच्या तिसऱ्या मजल्यावर उभा आहे, रिकामा ट्रे घेऊन, आणि मला आत कुणी यायला दिलं माहितेय? सगळ्यांनी!"

आर्डनने आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याच्या आधी फोन ठेवला.

साडेतीनला सोळा हजार फोन पुन्हा थरथरले:

'धोक्याची सूचना. गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास लिन्डेन हॉलमध्ये एका अनोळखी माणसाने खोलीत शिरून चोरी केली आणि एका विद्यार्थिनीला ढकलून जखमी केलं. तो अजून सापडलेला नाही. फॉइल लावलेला जेवणाचा ट्रे दोन्ही हातांत घेऊन तो आला आणि दुसऱ्याने दार धरल्यामुळे कार्डाशिवाय आत गेला. दार धरणाऱ्याची यात चूक नाही. चूक त्या माणसाची आहे. पण आता आपल्याला माहीत झालं आहे. कृपया दार धरू नका. पाहुणा आला तर ज्याच्याकडे आला त्याने खाली येऊन त्याला आत न्यावं. काही खटकलं तर लगेच फोन करा. व्हर्ना फोनवर आहे. आधीच्या अपुऱ्या सूचनेबद्दल क्षमस्व. आर्डन सोलबर्ग.'

ब्रिटा अजून व्हर्नाच्या खुर्चीवर बसली होती. तिने तो वाचला. 'दार धरणाऱ्याची यात चूक नाही' या ओळीपाशी तिचं बोट थांबलं. मग ती उठली, तोंड धुतलं, आणि माय सीला सगळं सांगायला दवाखान्यात गेली.

शनिवार उजाडला. आणि मंडळी, असा शनिवार टॅमरॅक फॉल्सने कधी पाहिला नव्हता! प्रत्येक वसतिगृहाच्या दाराबाहेर आईबापांची रांग, प्रत्येकाच्या हातात ट्रे, आणि दार बंद! पोरं आतून येऊन आपापल्या माणसांना नेत होती. रांगेत कुणी चिडलं का? छे. फोनवरचा मेसेज एकाने दुसऱ्याला दाखवला, दुसऱ्याने तिसऱ्याला. मग फॉइली उघडल्या. तुझ्यातलं मी चाखतो, माझ्यातलं तू चाख. लिन्डेन हॉलची रांग इतकी लांबली म्हणे, की तिचं शेपूट नदी ओलांडून पलीकडच्या गावात गेलं आणि तिकडचे लोकही चमचे घेऊन येऊन उभे राहिले.

लिन्डेन हॉलच्या दारात ब्रिटा उभी होती. सकाळी आठपासून, स्वतःहून.

"कुणाकडे आलात? नाव सांगा, बोलावते."

दहाच्या सुमारास रांगेत एक इस्त्रीचा सदरा आला. पाहुण्यांचं स्वागत करायला निघालेले साहेब, हातात बायकोने दिलेला ट्रे.

"कुणाकडे आलात, सर?"

"मी उपाध्यक्ष आहे!"

"हो सर. आणि तुमच्या हातात ट्रे आहे."

मागचे लोक खुदखुदले. साहेब लालबुंद झाले आणि मुकाट्याने बाजूला उभे राहिले. कार्ड ऑफिसात विसरलं होतं.

त्यांच्या मागे एक माणूस होता. नीटनेटका, हसतमुख. दोन्ही हातांत फॉइलचा ट्रे. गुरुवारी ब्रिटाने ट्रेच पाहिला होता, चेहरा नाही, म्हणून हा तोच का ते तिला कळेना. पण ती हलली नाही.

"कुणाकडे आलात?"

"भाचीकडे. तिसऱ्या मजल्यावर," तो गोड आवाजात म्हणाला. "धर की ग जरा दार. हात भरलेत माझे."

"नाव सांगा. बोलावते."

माणूस हसला. इकडे तिकडे पाहिलं. आणि तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या साहेबांमधला मिनेसोटावाला जागा झाला. दार धरायची बंदी होती, ट्रे धरायची कुठे होती? त्यांनी आपला ट्रे कठड्यावर ठेवला आणि हात पुढे केले. "द्या इकडे. तुम्ही निवांत भाचीला फोन लावा."

आणि नको नको म्हणेपर्यंत त्यांनी ट्रे घेतलासुद्धा!

"अहो," साहेब म्हणाले, "हा इतका हलका कसा?"

फॉइल उचलली. आत एक मोठा स्क्रू-ड्रायव्हर आणि घडी घातलेली रिकामी पिशवी.

माणूस पळाला. पण कुठे पळणार? दोन्ही बाजूंना आईबाप आणि आईबापांच्या हातांत जेवण. मँकाटो गावाहून आलेल्या एका आजीबाईंनी घाबरून ट्रे सोडला, त्या मश्रूमच्या सुपावर त्याचा पाय पडला, आणि तो पायऱ्यांपासून जो घसरला तो थेट कारंज्यापर्यंत! ब्रिटाने तोवर फोन लावला होता. पोलीस आले तेव्हा तो पाण्यात बसला होता आणि त्याच्या कानावर बटाटा होता.

"शिरायचंच होतं तर निदान ट्रेमध्ये खरा हॉटडिश तरी आणायचा," हे कळल्यावर ऑफिसात व्हर्ना म्हणाली. "आळशी मेला!"

त्याच्या गाडीत माय सीचा संगणक मिळाला. आणखी दोघींचेही मिळाले. त्यांनी तक्रारच केली नव्हती. एकटीवरच आलंय असं प्रत्येकीला वाटत होतं.

सोमवारी साहेब खरंच बोलायला आले. आर्डन आवराआवर करून, खोकं भरून बसला होता. साहेबांनी खोक्यातला त्याचा कॉफीचा मग काढून परत टेबलावर ठेवला.

"मला वाटलं होतं, खरं सांगितलं तर लोक घाबरून पळतील," ते म्हणाले. "शनिवारी तीस आयांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, आमच्या पोरांना वेळेवर सांगितलंत, उपकार झाले. आणि मी तिथे उभा राहून ते आभार घेतले, आर्डन. माझे नव्हते ते. तुझे द्यायला आलोय."

आर्डनने मग हातात घेतला. "दार लोटून घ्या सर, थंडी येतेय," एवढंच तो म्हणाला.

दुपारी काचेबाहेर माय सी दिसली. हात प्लास्टरमध्ये, शेजारी तिची आई, आणि आईच्या दोन्ही हातांत फॉइल लावलेला मोठा ट्रे. आर्डनचा हात सवयीने दाराकडे गेला आणि मध्येच थबकला.

"कुणाकडे आलात?" मागून व्हर्ना ओरडली. काच थरथरली.

"आर्डन सोलबर्गकडे!" माय सी हसत म्हणाली.

"मग त्यालाच पाठवते!"

आर्डन बाहेर गेला आणि आपल्या पाहुण्यांना स्वतः आत घेऊन आला. ट्रेमध्ये आईने पहाटे उठून, खिमा-भाजी भरून तळलेले एग रोल होते, शंभर तरी.

"गुरुवारी दवाखान्यात पडल्या पडल्या मला वाटलं, झालं ते माझ्यापाशीच राहणार," माय सी म्हणाली. "शुक्रवारी पहिला मेसेज आला तेव्हा तर खात्रीच झाली. मग फोन परत थरथरला. त्यात ट्रेचं लिहिलं होतं. मी जे सांगितलं तेच, आणि माझं नाव कुठेच नाही. मी आईला म्हटलं, आई, कुणीतरी ऐकलं ग." तिने डावा हात पुढे केला. "थँक्यू. तेवढंच सांगायला आले."

माय सीची आई इंग्रजी कमी बोलायची. तिने आर्डनच्या बशीत चार एग रोल वाढले, त्याच्याकडे पाहिलं, आणि आणखी चार वाढले.

मंडळी, आपण सगळे कुठल्या ना कुठल्या दारात उभे असतो. वाईट बातमी झाकली म्हणजे घराचं नाव राहतं, असं आपल्यालाही वाटतं. तसं नसतं! झाकलेल्या बातमीने फक्त चोराची सोय होते. काय झालं, कुठे झालं, कसं झालं, हे साध्या शब्दांत आणि वेळेवर सांगणं हीच माया. कुणी तुम्हाला असं सांगितलं, तर वैतागू नका, नीट वाचा आणि त्याचे आभार माना. त्याने ते सांगताना कधी कधी आपली नोकरी पणाला लावलेली असते.

आणि टॅमरॅक फॉल्सच्या भलेपणाचं काय झालं म्हणता? काही झालं नाही. आता तिथे दार कुणी धरत नाही, पण कुणाला बाहेर एकटंही सोडत नाही. पाहुण्याचं माणूस खाली येईपर्यंत, आतला बाहेर येऊन त्याच्या सोबतीला उभा राहतो. मग बर्फ पडत असो नाहीतर काही. लिन्डेन हॉलच्या पायऱ्यांवर असं सोबतीला उभं राहता राहता तीन लग्नं जमली आहेत. खोटं वाटतं? तिन्ही लग्नांत जेवायला हॉटडिश होता, आणि तिन्ही वेळा दारात व्हर्ना उभी होती. कुणाकडे आलात, असं नवरदेवालासुद्धा विचारत होती!